दोनदा मिळवलेले साडेपाच तास

मनीषावर अन्याय झाला. मनीषा म्हणजे तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरपाड्यावरची पोर. वय एकोणीस, बारावी पास, दिवसा चिकूच्या वाडीत मजुरी. नर्सिंगच्या प्रवेशाचा तिचा ऑनलाइन अर्ज गेला शुक्रवारी, ३० जून २०१७ रोजी, संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं आणि पाच सेकंदांनी. 'सातच्या सुमारास' असं मी लिहिलं असतं तर सावेकाकांनी हा कागद माझ्या अंगावर परत टाकला असता.

मुदत होती त्याच दिवशी रात्री बारापर्यंत. म्हणजे पाच तासांहून जास्त वेळ शिल्लक होता. तरी यादीत तिच्या नावापुढे शेरा आला: 'मुदतीनंतर प्राप्त. अपात्र.' संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ती संस्थाच तसली, आणि स्वतःच्या कचेरीकडे बघायचं राहून जाईल.

हे ज्या माणसामुळे उलगडलं, आणि थोडंसं ज्या माणसामुळे घडलंही, त्याच्याबद्दल मी लिहिते आहे.

सावेकाकांचं दुकान डहाणू रोड स्टेशनापासून जरा आत, एका गिरणीला लागून होतं. 'ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन' अशी पाटी. २०१४ साली, निवृत्तीनंतर वर्षभरानं त्यांनी ते सुरू केलं. आत एक कॉम्प्युटर, एक खोकणारं झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं. एकाखाली खडूनं लिहिलेलं 'इथे', दुसऱ्याखाली 'तिथे'. 'तिथे' म्हणजे ग्रिनिच. दोघांत साडेपाच तासांचं अंतर. चिकूचे एक गुजराती व्यापारी रोज दुकानासमोरून जाताना मुद्दाम ओरडायचे, "केटला वाग्या, काका?"

"कुठले सांगू शेठ? इथले की तिथले?"

"ज्यां भाव सारो होय, त्यांना!"

जिथे भाव चांगला तिथले, हा विनोद मी शंभर वेळा तरी ऐकला असेल. दोघेही दर वेळी नव्यानं हसायचे. स्टँडवरचे रिक्षावाले काकांना मागून 'साडेपाच' म्हणायचे. "साडेपाच आले रे, बाजूला घे." काकांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, "बरोबर म्हणतात. पावणेसहा म्हणाले असते तर भांडलो असतो."

माझी त्यांची ओळख एका पत्रकावरून झाली. २०१५ साली आमच्या संघटनेनं, म्हणजे आम्ही सात-आठ पोरापोरींनी, डोंगरातल्या पाड्यांकडे जाणारी संध्याकाळची बस बंद झाली म्हणून पत्रक काढलं होतं. लिहिलं होतं मी. आवेशानं लिहिलं होतं. दोनशे झेरॉक्स काढायला दुकानात गेले. काकांनी कागद मशीनवर ठेवण्याऐवजी चष्मा लावला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"'काल संध्याकाळची बस बंद करण्यात आली.' काल म्हणजे कधी?"

"काल म्हणजे काल. मंगळवारी."

"हे भिंतीला लावणार ना? मग उद्या कोणी वाचलं तर काल म्हणजे बुधवार. आठ दिवसांनी वाचलं तर? तुमची बस रोज नव्यानं बंद होते वाटतं."

"काका, झेरॉक्स काढता की नाही? लोक चिडलेत."

"लोक चिडलेत ते ठीक. साहेब विचारील, कोणत्या तारखेला, किती वाजताची गाडी? तेव्हा काय सांगशील? चिडले म्हणून?"

मी तणतणत पेन घेतलं, 'काल' खोडलं, तारीख आणि वेळ घातली. त्यांनी दोनशे प्रती काढल्या आणि वर एक फुकट दिली. "ही तुझ्याकडे ठेव. साहेब हरवतात." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली'. मला राग आला होता, हे कबूल करते. पण त्यानंतर 'काल' आणि 'नुकतेच' हे शब्द माझ्या एकाही पत्रकात आले नाहीत.

काका नोकरीभर हवामानाच्या निरीक्षकाचं काम करत होते. पाऊस मोजायचा, वारा बघायचा, वहीत लिहायचं. त्यांच्या कामात सगळ्या जगाचं घड्याळ एकच, ग्रिनिचचं. आपल्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे पहाटेचे तीन. सकाळी साडेआठला पावसाचं भांडं रिकामं करून मोजायचं आणि त्या दिवसाच्या तारखेवर लिहायचं. म्हणजे सोमवारी दुपारी तुम्ही ज्या पावसात भिजलात, तो वहीत मंगळवारचा. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ही तर सरळ फसवणूक आहे."

"फसवणूक नाही. ठरवणूक आहे," काका म्हणाले. "पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. भटजींचा सूर्य उगवला की बदलतो. रेल्वेचा मध्यरात्री बदलतो. कॉम्प्युटरच्या पोटातला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. कुणीच खोटं नाही. पण भांडायच्या आधी विचारावं, बाबा रे, तुझा दिवस कुठे बदलतो?"

हे त्यांचं पालुपद होतं. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा वापरायचे. काका २०१९ च्या नोव्हेंबरात गेले, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. तिथी कुठली धरायची यावर घरात कुजबुज सुरू झाली तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सूर्य उगवला नव्हता. आदली धरा. ह्यांनी मला चाळीस वर्षं तेच शिकवलंय."

दहा आकडी संख्यांचा नाद त्यांना नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लागला. कचेरीत आपोआप नोंदी घेणारं यंत्र आलं. ते पाऊस बरोबर सांगायचं, पण वेळेच्या रकान्यात दहा आकडी संख्या छापायचं. बसवायला आलेला तरुण चहा पिऊन निघून गेला, पुस्तक द्यायचं विसरला. बाकीच्यांनी तो रकाना झाकून ठेवला. काकांनी शोधून काढलं की ते सेकंद आहेत. १ जानेवारी १९७० ला ग्रिनिचची मध्यरात्र झाली तो क्षण शून्य धरायचा आणि तेव्हापासून एकेक सेकंद मोजत जायचं. कॉम्प्युटर तारीख-वार लक्षात ठेवत नाही, तो एवढंच लक्षात ठेवतो की किती सेकंद झाले. बाकी सगळं माणसासाठी केलेलं भाषांतर.

आणि ते भाषांतर काका हातानं करत. कॉम्प्युटर समोर असताना. शहाऐंशी हजार चारशेनं भागायचं, कारण दिवसात तेवढे सेकंद. भागाकार म्हणजे दिवस, बाकी म्हणजे त्या दिवसातली वेळ. मग वर्षं काढायची, लीप वर्षांचा एकेक दिवस वजा करायचा, महिने उतरवायचे आणि शेवटी साडेपाच तास मिळवायचे. मी विचारलं, "मशीन एका झटक्यात सांगतं, मग हे कशाला?"

"मशीन सांगतं. मला कळत नाही. हातानं केलं की कळतं."

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते एक चिठ्ठी देत. त्यावर त्याचं वय सेकंदांत. त्यासाठी जन्मतारीख विचारत आणि तिथेच गंमत व्हायची. आमच्या पाड्यांवरच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे. काकांना हे फार आवडायचं. "अरे, कॉम्प्युटर आपल्याच पाड्यावरचा! त्यालाही स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही. कुणा गुरुजीनं एक जानेवारी सत्तर लावली आणि गेला शाळेत."

एका आजींच्या कार्डावर जन्मतारखेची जागा रिकामी राहिली म्हणून १ जानेवारी १९७० छापून आलं होतं. मुलगा पन्नाशीचा, आई सत्तेचाळीस वर्षांची! काकांनी कारण कागदावर लिहून दिलं: 'ही तारीख नाही. हे शून्य आहे.' आजी ते कार्ड घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे माझा जलम कोराच ठेवला का रं?" काका हसले नाहीत. 

आणखी एक नाद म्हणजे मोठे गोल आकडे. एकावर नऊ शून्यं, म्हणजे एक अब्जावा सेकंद, २००१ च्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी सात वाजून सोळा मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी झाला. तेव्हा त्यांना हे काही माहीत नव्हतं. नंतर हिशेब लावल्यावर त्यांना आठवलं की त्या सकाळी ते चिंचणीला बोंबील घ्यायला गेले होते. "जगाचा एक अब्जावा सेकंद गेला आणि मी कोळणीशी दोन बोंबलांवरून हुज्जत घालत होतो!" दीड अब्जावा सेकंद मात्र चुकवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तो होता १४ जुलै २०१७, शुक्रवार, सकाळी आठ दहा. सहा महिने आधीपासून दुकानातल्या फळ्यावर रोज उरलेले दिवस खडूनं मांडलेले. पेढे सांगून ठेवले होते. मला आमंत्रण, गिरणीवाल्याला आमंत्रण, शेठना आमंत्रण.

आता ३० जूनकडे येते.

मनीषा वाडीतून पाचला सुटली आणि पाच वीसला दुकानात पोचली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, दाखला, एक फोटो. मी तिथेच एका निवेदनाच्या प्रती काढत होते म्हणून हे मला माहीत आहे. काकांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "जन्मतारीख?"

"एक जून."

"खरी सांग."

"दाखल्यावर एक जूनच आहे, काका."

"दाखल्यावर असू दे. आई काय म्हणते?"

मनीषा लाजली. "आई म्हणते, भात झोडत होतो, तेव्हा झाली."

झालं! काकांनी एक जूनवरून काढलेले साठ कोटी आणि वरचे सेकंद फाडून टाकले. "हे गुरुजींचे सेकंद. तुझे नव्हेत." मग भात कुठल्या जातीचं होतं, लवकर येणारं हळवं की उशिरा येणारं गरवं, दिवाळीआधी झोडलं की नंतर, त्या वर्षी पाऊस लांबला होता का, अशी चौकशी. जुनी वही उघडून पाऊस बघितला. मनीषाही रंगली. आपल्या जन्माची एवढी विचारपूस तिच्या आयुष्यात कुणी केली नव्हती. मध्ये एकदा ती म्हणाली, "काका, फॉर्म..." तर काका म्हणाले, "घाई कसली? रात्री बारापर्यंत मुदत आहे. शांतपणे भरू, चूक नको."

सव्वासहाला फॉर्म उघडला. फोटो मोठा होता, तो लहान केला. नाव तीन वेळा तपासलं. सहा बावन्नला सबमिट. पावती छापून आली. तिच्यावर तारीख-वेळ नव्हती, फक्त पावती क्रमांक: १४९८८२८९२५. काकांचा चेहरा उजळला. "हे बघ, ह्यांनी क्रमांक म्हणून सेकंदच टाकलेत." सवयीनं पावतीच्या पाठीमागे हातानं भागाकार मांडला, खाली लिहिलं: शुक्रवार, ३० जून, सायंकाळी ६:५२:०५. सही केली. मनीषानं पावती पिशवीत ठेवली आणि पळाली. संध्याकाळची बस नव्हतीच. वडापची जीप मिळते का बघायला.

बारा जुलैला यादी लागली. तेराला सकाळी मनीषा यादीची प्रत घेऊन आली. शेऱ्यापुढे वेळ छापली होती: ०१-०७-२०१७, ००:२२:०५.

माझं डोकं फिरलं. तिथेच स्टुलावर बसून पत्रक लिहायला घेतलं. 'तारीख बदलून गरिबांच्या मुलींना बाहेर काढणाऱ्या खोटारड्या संस्थेचा जाहीर निषेध!' काकांनी ते वाचलं आणि पालथं ठेवलं.

"पावती आहे का ग, पोरी?"

मनीषानं पावती काढली. काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "पत्रकवाले, वजा कर. फरक किती?"

मी वजा केलं. "साडेपाच तास."

"आणि सेकंद?"

"पाच आणि पाच. शून्य."

"मग खोटारडे शब्द काढ. खोटं बोलणारा माणूस इतका नेमका बोलत नाही. ही चूक आहे. आणि चूक खोट्यापेक्षा चिवट असते, कारण करणाऱ्याला ती केलीय हेच माहीत नसतं." त्यांनी भिंतीवरच्या दोन घड्याळांकडे बोट केलं. "यंत्रात तिथली वेळ. कुणीतरी साडेपाच मिळवून इथली केली. मग यादी करणाऱ्यानं ती तिथलीच समजून पुन्हा साडेपाच मिळवले. एका जावेनं कालवणात मीठ घातलं, दुसरीनं न विचारता पुन्हा घातलं."

मी टाळीच वाजवणार होते. पण काकांनी खडू उचलला. फळ्यावर ६:३० लिहिलं. मग मनीषाकडे वळले.

"अर्ज साडेसहाच्या आत गेला असता तर साडेपाच जास्त मिळवूनही बाराच्या आतच राहिला असता. तू पाच वीसला आली होतीस. तुझा तास मी खाल्ला."

 पायातली चप्पल जमिनीवर घासत मनीषा म्हणाली, "चुकले ते. तुम्ही कशाला तोंड पाडता? तुम्ही गणित करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकांनी दुकान उघडलंच नाही. आम्ही तिघं संस्थेच्या कचेरीकडे निघालो. आधी जीप, मग बस, मग पायी.  वाटेत काका मांडीवर वही घेऊन तोच भागाकार पुन्हा पुन्हा करून बघत होते, आपलीच चूक सापडावी असा.

कचेरीतला कारकून वाईट माणूस नव्हता, हे मला आज लिहिता येतं. त्या दिवशी येत नव्हतं. दोन तास बसवून ठेवल्यावर त्यानं आमचं ऐकलं आणि म्हणाला, "आजोबा, कॉम्प्युटर चुकत नाही. शेवटच्या दिवशी रात्री बारानंतर फॉर्म टाकतात आणि मग तुमच्यासारख्यांना घेऊन येतात. दरवर्षीचं आहे."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या कोपराला धरलं.

"बरोबर. कॉम्प्युटर चुकत नाही," ते म्हणाले. "साहेब, एक काम करता? आत्ता तुमच्यासमोरच एक खोटा अर्ज भरा. नाव माझं टाका. मुरलीधर सावे. नर्सिंगला जायची माझी तयारी आहे."

कारकून हसला. त्याच्या शेजारची बाईही हसली. त्यांची चाचणीची सोय होती, त्यात त्यानं अर्ज भरला, पाठवला आणि यादी काढली. मागे भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. यादीत छापलं होतं: १४-०७-२०१७, १८:१०.

काकांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर भर दुपार. "साहेब, संध्याकाळ झाली का हो?"

कारकुनानं पुन्हा यादी काढली. पुन्हा सहा दहा. शेजारची बाई उठून स्क्रीनपाशी आली. काकांनी वही उघडली आणि एखाद्या विद्यार्थ्याला शिकवावं तसा त्याला भागाकार करून दाखवला. कारकून बोटानं आकड्यांवरून जात होता. शेवटी म्हणाला, "मीच मिळवतो साडेपाच. मला सांगितलं होतं, तिकडची वेळ येते, मिळवायची. मधल्या काळात त्यांनी आतच बदल केला असणार. मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत का?"

"नाही."

"मग सगळी यादी काढा. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची."

अकरा नावं निघाली. मी पत्ते वाचले. तलासरीकडचे पाडे, डोंगराकडची गावं. डहाणू शहरातलं एकही नाही. शहरातल्या मुलींनी दुपारी दोनला, बापाच्या मोबाइलवर फॉर्म भरले होते. ज्यांची मजुरी पाचला सुटते त्यांचेच अर्ज साडेसहानंतर गेले होते. कारकून म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरला काय गरीब-श्रीमंत कळतं?" तेव्हा मात्र काकांनी पुन्हा धरलेला हात मी झटकला. "कॉम्प्युटरला कळत नाही. तुम्हाला कळायला हवं होतं. अकरा पोरी एकाच रात्री मध्यरात्रीनंतर डोंगरातून फॉर्म भरायला उतरल्या, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

त्यानं ती अकरा नावं दुरुस्तीसाठी वेगळी काढली. 

परत येताना बसमध्ये चार वाजता काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि एकदम म्हणाले, "अरे, गेलं की!"

"काय?"

"दीड अब्ज. आठ दहाला. तेव्हा आपण कुठे होतो?"

आम्ही आठवलं. आठ दहाला आम्ही जीपमध्ये होतो. काका भागाकार करत होते, मनीषा पिशवी छातीशी धरून बसली होती. सहा महिने वाट पाहिलेला सेकंद तिघांच्या मधून निघून गेला होता. मला वाटलं, हे हळहळतील. पण काका म्हणाले, "पहिला बोंबलांपायी गेला, दुसरा मनीषापायी. हा बरा गेला." पेढे गिरणीवाल्यानं आणि शेठनी संपवले होते.

आता मनीषाचं काय झालं ते सांगते, कारण इथे टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. यादी दुरुस्त झाली. पण तोवर पहिल्या फेरीचे प्रवेश भरले होते. अकरापैकी नऊजणींना दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. मनीषा आणि आणखी एक, दोघींना नाही. 'पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.' दिलगिरीचा एक शब्द नाही. ते वर्ष मनीषानं अच्छाडच्या एका ढाब्यावर चपात्या लाटत काढलं. ट्रकवाल्यांच्या चपात्या.

काकांनी फळ्यावरचं दीड अब्जाचं गणित पुसलं आणि तिथे लिहिलं: ३,१५,३६,०००. बघणारे विचारत, हे काय? "एका वर्षाचे सेकंद. एका मुलीचे आहेत. परत करायचेत." खाली दुसरी ओळ लिहिली: 'आधी फॉर्म, मग गप्पा.' चिठ्ठ्या ते देत राहिले, पण पावती हातात पडल्यावर. घाई कसली, हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा दुकानात ऐकले नाहीत. २०१८ साली मनीषाचा अर्ज त्यांनी मुदतीच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊला भरला. तिला प्रवेश मिळाला. काकांनी फळा पुसला नाही. म्हणाले, "प्रवेश मिळाला. वर्ष नाही मिळालं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं २०१९ च्या ऑक्टोबरात, सरावलीला त्यांच्या घरी. हृदय थकलं होतं. दुकान बंद केलं होतं, पण अंगणातलं पावसाचं भांडं चालू होतं. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. साडेआठला मोजायला उठता येईना म्हणून काकू मोजायच्या आणि काका आतून ओरडून विचारायचे, "माप डोळ्याच्या रेषेत धरलं का?" काकू म्हणायच्या, "धरलं हो धरलं, तुमच्या ग्रिनिचला कळवा."

मनीषा आली होती. सुट्टीला घरी जाताना वाट वाकडी करून. नर्सिंगचं दुसरं वर्ष. काकांच्या खाटेशी बसली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांच्याच घड्याळातल्या सेकंदकाट्याकडे बघू लागली. पंधरा सेकंद मोजले, ओठांतल्या ओठांत चारनं गुणलं आणि हात सोडला.

काकांनी डोळे उघडले. "झालं?"

"झालं, काका."

"पंधराच मोजलेस. साठ मोज." आणि मग, दोन वर्षांनी, अगदी हळू आवाजात: "घाई कसली?"

मनीषानं पुन्हा मनगट धरलं. यावेळी पूर्ण मिनिटभर.  काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती काट्याकडे. साठ सेकंद खूप मोठे असतात हे मला त्या दिवशी कळलं. मग विचार करा, तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार केवढे असतील.

मी पत्रकं लिहिणारी आहे. आठवणी सांगून हात जोडणं मला जमत नाही. म्हणून मागणी करते, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात, तुमच्या पाड्यावर, 'मुदतीनंतर प्राप्त' असा शेरा लागलेला एक तरी कागद पडलेला असेल. तो आज काढा. त्यावरची वेळ वाचा, पावतीशी ताडा, हातानं वजा करा. फरक नेमका साडेपाच तासांचा निघाला तर तो कागद घेऊन भर दुपारी त्या टेबलासमोर उभे राहा. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर पुढचा शेरा मारण्याआधी हात थांबवा आणि स्वतःलाच विचारा: माझा दिवस कुठे बदलतो, आणि तिचा कुठे?